गोळ्या, पायातली गाठ आणि म्हात्रे सिस्टर

माझं नाव तस्नीम. पनवेलमधल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. माझा नवरा इरफान मस्कतला एका कंपनीत एसीच्या देखभालीचं काम करतो आणि वर्षातून एकदा, कधी दोनदा, रजेवर घरी येतो. घरात सासूबाई आहेत, त्यांना आम्ही अम्मी म्हणतो. आणि दोन मुलं, नऊ वर्षांची आलिया आणि पाच वर्षांचा झैद.

गेल्या वर्षी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, माझ्या डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आणि तिचे तुकडे फुप्फुसात गेले. मी वाचले. त्यात माझ्या हुशारीचा काहीही वाटा नाही, हे आधीच सांगून टाकते. उलट, मी डॉक्टरांशी खोटं बोलले होते. ज्यांनी ते खोटं ओळखलं त्यांच्याबद्दल मुख्यतः मला लिहायचं आहे. आणि माझ्यासारख्या ज्या बायका कपाटात मागे कुठेतरी गोळ्यांचं पाकीट दडवून ठेवतात, त्यांच्यासाठीही.

पाकीट

झैद सिझेरियनने झाला. त्यानंतर तिसरं नको, असं इरफानचं आणि माझं ठरलं. अम्मींना मात्र तिसरं हवं होतं. त्या कधी भांडल्या नाहीत, पण मुलांना आंघोळ घालताना, शेजारणीशी बोलताना, ईदला कोणी आलं की, तो विषय निघायचाच. अल्लाह देतो त्याला नको म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही काय करतो ते त्यांना कळू द्यायचं नाही, हेही आमचं ठरलं.

झैद वर्षाचा असताना एका डॉक्टर बाईंनी मला संततिनियमनाच्या गोळ्या लिहून दिल्या. बीपी तपासलं, बरेच प्रश्न विचारले, तीन महिन्यांनी दाखवायला या म्हणाल्या. मी गेले नाही. मेडिकलमध्ये रिकामं पाकीट दाखवलं की नवं मिळायचं. पुढची सगळी वर्षं तसंच चाललं. इरफानची रजा पक्की झाली की पंधरा दिवस आधी गोळ्या सुरू करायच्या, तो गेला की हातातलं पाकीट संपवून थांबायचं. पुढच्या रजेला पुन्हा सुरू. ज्यांचे नवरे आखातात आहेत अशा माझ्या ओळखीतल्या तिघी-चौघी असंच करायच्या. बाराही महिने कशाला खायच्या, तेवढाच शरीराला आराम, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. हे कुठून आलं कोण जाणे, कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं.

पाकीट मी शाळेच्या लॉकरमध्ये ठेवायचे, सहावीच्या निबंधाच्या वह्यांमागे. मधल्या सुट्टीत डबा खाल्ला की एक गोळी. रविवारची गोळी शनिवारीच कापून पर्समध्ये टाकायची.

पाय

गेल्या वर्षी इरफान पंचेचाळीस दिवस राहून परत गेला. तो गेल्यावर आठवड्याच्या आत माझी डावी पोटरी दुखायला लागली. आधी वाटलं गोळा आला असेल. चाचणीचे पेपर तपासायला मी सलग तीन दिवस पाय दुमडून बसले होते, त्याचंच असेल. दुसऱ्या दिवशी सलवार एकाच पायाला घट्ट झाली. कातडी गरम लागत होती आणि जरा चकाकतही होती.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. पाय मुरगळला असेल असं मीच त्यांना सांगितलं. बाहेर ओळखीची माणसं बसली होती, दार अर्धवट उघडं होतं, म्हणून सलवार वर करून पाय दाखवलाही नाही. त्यांनी लावायला मलम आणि दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना दिसलंच नाही तर ते काय करणार?

घरी अम्मींनी कोमट तेल घेतलं आणि रोज संध्याकाळी माझी पोटरी चोळायला सुरुवात केली. मी नको म्हणत होते, सुनेने सासूकडून पाय दाबून घ्यायचे म्हणजे कसंतरीच वाटत होतं. त्या म्हणाल्या, माझी मुलगी असती तर चोळला नसता का? चार दिवस त्यांनी पाय चोळला. दुखणं काही कमी झालं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी शाळेचा जिना चढताना मध्येच माझा श्वास संपला. दम लागणं मला माहीत आहे, हे तसं नव्हतं. आत घेतलेली हवा कुठे पोचतच नव्हती. उजव्या बरगडीखाली प्रत्येक श्वासाला सुरी फिरवल्यासारखं होत होतं. मी पायरीवर बसले. आठवीच्या दोन मुली मुख्याध्यापिकांना बोलवायला धावल्या. रिक्षात बसवेपर्यंत माझे ओठ निळसर पडले होते, असं मुख्याध्यापिकांनी मला नंतर सांगितलं.

"नाही"

आम्ही ज्या हॉस्पिटलमध्ये गेलो त्याचं नाव लिहीत नाही. पनवेलमधलं मधल्या आकाराचं, नेहमी गर्दी असलेलं हॉस्पिटल. मला खाटेवर घेतलं, बोटाला चिमटा लावला, नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावला. तोवर अम्मी आणि माझे दीर सलीम येऊन पोचले आणि दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण चांगले होते. भराभर विचारत गेले. बीपी आहे का? शुगर? दमा? दिवस गेलेत का? काही औषधं, गोळ्या चालू आहेत का? संततिनियमनाच्या वगैरे?

मी म्हणाले, "नाही."

इतकं सोपं होतं ते. मास्कच्या आत एक शब्द. मला श्वास येत नव्हता, जीव जातो की काय असं वाटत होतं, आणि तरी त्या क्षणी मला भीती अम्मींची वाटली. आज याचा मला राग येतो आणि दयाही येते.

डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितला, छातीचा एक्स-रे सांगितला आणि पुढच्या खाटेकडे वळले. कागदावर त्यांनी बहुधा छातीत जंतुसंसर्ग असावा असं लिहिलं होतं. हे मला नंतर फाइल वाचताना कळलं.

मला ईसीजीच्या पट्ट्या लावायला ज्या सिस्टर आल्या त्या म्हात्रे सिस्टर. डॉक्टर प्रश्न विचारत होते तेव्हाही त्या शेजारच्या खाटेपाशीच होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा. पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे एका गावात राहतात आणि बोलतातही गावचंच. पट्ट्या लावून झाल्यावर त्यांनी माझ्या पायावरची चादर सारली. दोन्ही पायांकडे काही वेळ बघत राहिल्या. मग अम्मींना आणि सलीमना म्हणाल्या, "तुमी दोगंजन जरा भायेर बसा. हिचं कपडं बदलायचं हायत."

कपडे बदलायचे नव्हतेच. ते दोघे बाहेर गेल्यावर सिस्टरांनी हिरवा पडदा पार टोकापर्यंत ओढला आणि माझ्या कानाशी वाकून हळू आवाजात बोलल्या.

"बाय, आता इथं तू नि मी. मगाशी डाक्टरनं गोल्यांचं इचारलं, तवा तू आदी सासूकडं बगलंस, मंग नाय बोललंस."

मी पडद्याकडे बघितलं.

"मी कोनाला सांगनार नाय. पन डाक्टरला सांगलं पायजे. तुजा एकच पाय सुजलाय, नि तुला दम लागलाय. पोर व्हऊ नये म्हनून गोल्या घेतंस का?"

मी मानेनेच हो म्हटलं. किती दिवस, असं त्यांनी विचारलं. मी बोटं दाखवली, दोन महिने. त्याआधी सात-आठ महिने बंद होत्या, तेही कसंबसं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि त्या गेल्या. पळाल्या नाहीत, पण बुटक्या बाईला जितकं भरभर चालता येईल तितकं चालल्या. पडद्याच्या फटीतून त्या डॉक्टरांच्या बाजूला जाऊन बोलताना मला दिसल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तसेच माझ्याकडे आले.

पुढचा एक तास नीट आठवत नाही. पायाची सोनोग्राफी झाली, मग छातीचा सीटी स्कॅन. गुडघ्याच्या मागच्या शिरेपासून वर मांडीपर्यंत गाठ होती. तिचे तुकडे सुटून हृदयातून फुप्फुसांत जाऊन अडकले होते. रक्त पातळ करायचं इंजेक्शन त्यांनी लगेच सुरू केलं. आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांनी मला एकच वाक्य सांगितलं, उद्यापर्यंत थांबला असतात तर कदाचित भेट झाली नसती.

आयसीयूतले दिवस

आयसीयूत पाच दिवस आणि वॉर्डात सहा. सकाळ-संध्याकाळ पोटात इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी पोट जांभळं-हिरवं दिसायला लागलं. पहिले दोन दिवस खाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही, म्हणजे सगळं खाटेवरच. या गोष्टीची मला दम लागण्याइतकीच लाज वाटली. बेडपॅन देताना म्हात्रे सिस्टर भिंतीकडे तोंड करून स्वतःच्या कोंबड्यांबद्दल बोलत राहायच्या. एक कोंबडी म्हणे फक्त त्यांच्या स्कूटरच्या डिकीवरच अंडं घालते. त्या बोलायच्या म्हणून मला मोकळं होता यायचं.

त्या खरं तर खालच्या, तातडीच्या विभागातल्या. ड्युटी संपली की घरी जाण्याआधी वर येऊन, खालून पाठवलेल्या सगळ्याच पेशंटना बघून जायच्या, तशा मलाही. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मी पडल्या पडल्या डोळ्यांच्या इशाऱ्याने नमाज पढत होते. त्या दाराशीच थांबल्या. माझं झाल्यावर विचारलं, मक्का कंच्या अंगाला? मी खिडकीकडे मान केली. त्यांनी वॉर्डबॉयला बोलावलं, दोघांनी मिळून नळ्या न ओढता खाट फिरवली, तोंड खिडकीकडे येईल अशी. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

मला भीती सगळ्यात जास्त वाटायची ती झोपेची. झोपले आणि आणखी एक तुकडा सुटला तर? दुपारी डोळा लागला की दचकून जागी व्हायचे आणि आधी श्वास मोजायचे. हे मी सिस्टरांना सांगितलं. सगळं ठीक होईल असं काही त्या बोलल्या नाहीत. मॉनिटरवरचा कुठला आकडा किती असला म्हणजे चांगलं, ते त्यांनी मला शिकवलं. मग मी झोपेतून उठले की आकडा बघायचे आणि पुन्हा झोपायचे. घाबरलेल्या माणसाला खोटा धीर द्यायचा नाही, त्याच्या हातात काहीतरी खरं द्यायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. आता वर्गातही वापरते.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या घरात कोणाला अशी गाठ झाली होती का? मी नाही म्हणाले. आणि या वेळी मला खरंच माहीत नव्हतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. माझं माहेर उरणजवळ मोऱ्याला, आई तिथेच असते. तिला फोन करून तेच विचारलं. ती म्हणाली, तुझी फुफू बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गेली ना. तिचाही एक पाय सुजला होता. मग एकाएकी धाप लागली आणि तासाभरात संपलं. सगळ्यांनी नजर लागली म्हटलं.

मी लहान असताना या फुफूच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, नजरेची गोष्ट शंभरदा ऐकली होती. सुजलेल्या पायाचा उल्लेख त्यात कधीच नव्हता. तो माझ्या आईलाच तेवढा आठवत होता. पहिल्यांदा गोळ्या लिहून देताना त्या डॉक्टर बाईंनी हाच प्रश्न मला विचारला होता. तेव्हाही मी काही न विचारता, न आठवता, नाही म्हणून टाकलं होतं.

अम्मींना सांगितलं

माझ्या फाइलमध्ये गोळ्यांचं लिहिलेलं होतं, पण अम्मींना कोणी काही सांगितलं नाही. म्हात्रे सिस्टर म्हणाल्या होत्या, ते तुजं तू सांग, आमी नाय सांगनार. अम्मी मात्र वेगळ्याच ओझ्याखाली होत्या. गाठ असलेला पाय चोळायचा नसतो, हे त्यांच्या कानावर आलं होतं. चौथ्या दिवशी भेटीच्या वेळेत त्या माझ्या खाटेजवळ बसल्या आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाल्या, "या हातांनी मी तुला मारत होते."

तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. गोळ्या, लॉकर, इरफानला माहीत होतं, सगळं. गाठ गोळ्यांमुळे आणि बहुधा फुफूसारखीच माझ्याही रक्तात असलेल्या खोडीमुळे झाली. चोळण्यामुळेच तुकडा सुटला असं डॉक्टरही सांगू शकत नाहीत, तो आपोआपही सुटला असता, तेही सांगितलं.

त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला आल्या नाहीत. सलीम आले, डबा ठेवला, आणि अम्मींची तब्येत जरा बरी नाही म्हणाले. तो दिवस मला गाठीच्या दिवसापेक्षा जड गेला.

संध्याकाळी त्या आल्या. खुर्ची ओढून माझ्या तोंडाजवळ बसल्या. आमच्या घरात कोकणी बोलतात, इथे मी त्यांचं बोलणं साध्या मराठीत लिहिते.

त्या म्हणाल्या, "सलीम झाल्यावर मी सरकारी दवाखान्यात जाऊन तांबी बसवून घेतली होती. कोणाला न सांगता. सासूला कळलं. तिने काढायला लावली. पुढच्याच वर्षी दिवस गेले, सातव्या महिन्यात रक्त जायला लागलं. मूल गेलं. मी कशी राहिले ते अल्लाहला माहीत."

तेरा वर्षं मी त्या घरात आहे, आणि हे मला माहीत नव्हतं. इरफानलाही नव्हतं.

"आणि मीच तुझ्यामागे तिसऱ्यासाठी लागले," त्या म्हणाल्या. "विसरले होते गं. इतकं विसरायला नको होतं."

त्यांनी माझी वेणी सोडली, पर्समधून कंगवा काढला आणि नळ्या सांभाळत पुन्हा घातली. त्यानंतर घरात तिसऱ्याचा विषय निघाला नाही. शेजारणीने काढला तेव्हा अम्मींनी तिला चहा दिला आणि विषय बदलला, असं आलियाने मला सांगितलं.

इरफान

इरफानला रजा तीन आठवड्यांनी मिळाली, तीही दहा दिवसांची. तोवर रोज व्हिडिओ कॉल. पहिल्या कॉलवर तो नुसता रडला. पुढे पुढे आमची भांडणंही झाली. पाय दुखतोय हे मला का नाही सांगितलंस, असं तो पुन्हा पुन्हा विचारायचा. एके दिवशी मी चिडून म्हणाले, तुमच्या पंचेचाळीस दिवसांसाठी मी गोळ्या खायचे आणि तुम्हाला साधा निरोध वापरायचा कंटाळा होता. कॉल तसाच कट झाला. हे मी बोलायला नको होतं असं मला वाटलं, आणि बोलले ते बरं झालं असंही वाटलं.

तो आल्यावर आम्ही दोघे स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. जाणं भागच होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या होत्या आणि त्यावर पहिलीच पाळी आली तेव्हा मी अंथरुणाला खिळले, इतकं रक्त गेलं. हिमोग्लोबिन घसरलं होतं. आणि या औषधांवर असताना दिवस जाणं मला अजिबात परवडणारं नव्हतं.

मॅडमनी एक तास दिला. बाहेर रांग असताना दिला. मी गोळ्यांना विष म्हणाले, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "गोळी वाईट नाही, तस्नीम. खूप बायका ती सुखरूप घेतात. तुझ्यासाठी ती नव्हती, आणि ते वेळेत कोणाला कळलं नाही." नेहमीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्याने रक्त गोठण्याची शक्यता थोडी वाढते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ती त्याहूनही जास्त वाढते, म्हणून भीतीपोटी गोळ्या बंद करून नको असताना दिवस राहू देणं हा काही मार्ग नाही. पण घरात कोणाला गाठ झालेली असेल, बीपी असेल, पस्तिशीनंतर तंबाखू किंवा सिगारेट असेल, डोळ्यांपुढे चकाकी येऊन अर्धं डोकं दुखत असेल, तर ही गोळी घेण्याआधी डॉक्टरला सांगायलाच हवं. आणि आम्ही ज्याला शरीराला आराम म्हणायचो तो आराम नव्हता. गाठीचा धोका गोळ्या सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. महिनोन्महिने बंद ठेवून पुन्हा सुरू केलं की तेच धोक्याचे महिने पुन्हा नव्याने सुरू होतात. मी दरवर्षी, कधी वर्षातून दोनदा, त्या महिन्यांतून गेले होते.

मग त्यांनी कागदावर चित्रं काढून एकेक पर्याय सांगितला. तांबीत हार्मोन नसतं, गाठीची भीती नाही, पण पाळी जास्त जाते, माझ्या त्या अवस्थेत नको. गर्भाशयात बसवायचं दुसरं एक साधन असतं, त्यातून थोडं थोडं औषध सुटतं, पाळी कमी होते, इस्ट्रोजेन नसतं. ते मला चालेल. तेही सगळ्यांना मानवत नाही, सुरुवातीला डाग पडत राहतात, कधी जागेवरून सरकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. निरोध आहेच. आणि पुरुषाची नसबंदी, जी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते.

हे शेवटचं ऐकून इरफान म्हणाला, मी करायला तयार आहे की नाही ते आज सांगू शकत नाही. मला विचार करू द्या, कायमचं काही करायच्या आधी मला आमच्या मौलानांशीही बोलायचं आहे. मॅडम म्हणाल्या, अवश्य बोला, घाई नाही. तोवर निरोध वापरीन, असं तो त्यांच्यासमोर, माझ्याकडे न बघता, स्पष्ट म्हणाला. माझ्या नवऱ्याला मी तेरा वर्षांत परक्या बाईसमोर इतकं अवघड वाक्य बोलताना पाहिलेलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटला.

तीन महिन्यांनी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतानाच, आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलून मॅडमनी मला ते औषधाचं साधन बसवलं. बसवताना दुखलं, पण पाच-सात मिनिटं. पहिले तीन महिने अधूनमधून डाग, मग पाळी इतकी कमी झाली की मी पुन्हा उभी राहून शिकवायला लागले. पाय अजून संध्याकाळी जड होतो. डाव्या पायात मोजा घालते, घट्ट, मांडीपर्यंत. आलिया त्याला माझी पैलवानाची चड्डी म्हणते.

भेट

सहा महिन्यांनी तपासण्या झाल्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवल्या. त्या दिवशी अम्मी बरोबर होत्या. म्हात्रे सिस्टरांना भेटून जाऊ, असं त्याच म्हणाल्या. आम्ही खाली गेलो. सिस्टर व्हरांड्यात सलाइनचा स्टँड ढकलत चालल्या होत्या. मी समोर उभी राहिले, सलाम केला, नाव सांगितलं.

त्यांना मी आठवले नाही.

मी सांगत गेले, शाळेचा जिना, सुजलेला पाय, पडदा. त्या भुवया आखडून ऐकत होत्या. मग हसून म्हणाल्या, "नाय गो, मना नाय आठवत. पडद्यामागं मी सगल्यांनाच इचारतंय."

मला क्षणभर वाईट वाटलं. ज्या बाईने माझा जीव वाचवला तिच्या आठवणीत मी असावी, असं मला वाटत होतं. मग हळूहळू लक्षात आलं की ती बाई दिवसातून दहा वेळा चादर सारते, दोन्ही पाय बघते, नातेवाइकांना बाहेर पाठवते आणि कानाशी वाकते. माझ्यासाठी तिने वेगळं काहीच केलं नव्हतं. मी आयुष्यात कोणाचं इतकं कौतुक केलं नसेल.

त्यांनी वाकून माझा डावा घोटा दाबून पाहिला, खड्डा पडतो का ते बघायला. मग सरळ होऊन तिथेच, भर व्हरांड्यात विचारलं, "आता काय वापरतंस?"

मी उत्तर देण्याआधी अम्मीच बोलल्या. "तांबी नाही, ती दुसरी. औषधाची. मॅडमनी बसवली."

"बरा केलंस," सिस्टर मला म्हणाल्या आणि स्टँड ढकलायला लागल्या. पण अम्मींनी त्यांना थांबवून विचारलं. आमच्या शेजारी एक नवी सून आली आहे, तिचं अर्धं डोकं दुखतं, दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं म्हणते. मेडिकलमधून गोळ्या आणते असं मला कळलं आहे. तिला चालतील का त्या?

सिस्टर म्हणाल्या, तिलाच घेऊन या, तिच्या तोंडून ऐकल्याबिगर मी काय सांगनार.

"मी आणते तिला," अम्मी म्हणाल्या. "तिच्या सासूलाही आणते. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसू."